ओट्यावरची खाडी

माझं काम काय आहे हे गावाकडे कुणी विचारलं की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. मी शिरूर कासारची. आमच्या सिंदफणेच्या पात्रात वर्षातले कितीतरी महिने पोरं क्रिकेट खेळतात, पाण्यामुळे खेळ थांबलाय असं फारसं घडत नाही. अशा गावातली मुलगी कोकणातल्या एका खाडीत गुडघाभर चिखलात उभी राहून किडे मोजते, हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात की बाईला शहराची हवा लागलेली दिसते. पगार मिळतो का, हा पुढचा प्रश्न. मिळतो म्हटलं की मग किड्यांबद्दल कुणाची काही तक्रार नसते.

तर काम असं. ओहोटीला खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो. त्यावर एक लोखंडी चौकट टाकायची. चौकटीतला गाळ वीतभर खोल उकरायचा आणि बारीक चाळणीवर घालून तिथल्याच पाण्यात धुवायचा. चिखल वाहून जातो, चाळणीत वाळू, शिंपल्यांचे तुकडे, मुळ्यांचे दोरे आणि त्यात दडलेले जीव राहतात. बोटाएवढे किडे, हरभऱ्याएवढे खेकडे, तांदळाच्या दाण्यासारखे शंख. ते सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत भरायचं, वरून स्पिरिट ओतायचं म्हणजे सडत नाही, आणि पिशवीत एक चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं की हा गाळ खाडीतल्या कुठल्या जागेचा आणि पाण्यापासून किती वरचा. पेन्सिलच, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि पेन्सिल टिकते. नंतर सवडीने एकेक पिशवी ताटात ओतून जीव निवडायचे आणि मोजायचे.

खाडीच्या मुखापासून वरपर्यंत आमच्या सहा जागा ठरलेल्या होत्या. प्रत्येक जागी खालची, मधली आणि वरची अशा तीन पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवर दोन पिशव्या. एका फेरीच्या छत्तीस. वर्षातून तीन फेऱ्या, आणि हिवाळ्याची फेरी शेवटची. तिचा हिशोब लागला नाही तर आधीच्या दोन्ही फेऱ्यांना अर्थ उरत नाही, कारण सबंध वर्षात खाडीत काय बदललं हेच तर सांगायचं असतं. अहवाल अडला असता आणि पुढच्या वर्षीचं माझं काम तिथंच संपलं असतं. मॅडमनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम करते त्यांनी, मला हे स्वच्छ शब्दांत सांगितलेलं होतं. त्या गोड बोलत नाहीत. मीही बोलत नाही, म्हणून आमचं जमतं.

हिवाळ्याची फेरी संपली त्याच आठवड्यात घरून फोन आला. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की आमच्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त दारांना कुलपं लागतात. त्या वर्षी निघायच्या दिवशी माय ट्रॉलीवरून उतरताना पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. वडील आणि भाऊ टोळीबरोबर गेले, जावंच लागतं, आणि मायजवळ मावशी राहिली. आता मावशीलाही तिच्या घरी जायचं होतं. मायला एकटं कसं ठेवायचं?

मी मॅडमना विचारलं, पिशव्या घरी नेऊन तिथंच निवडू का? सूक्ष्मदर्शक लागत नाही पहिल्या निवडीला, ताट, चिमटा आणि उजेड पुरतो. मॅडम म्हणाल्या, "चिठ्ठी आत आहे तोवर पिशवी कुठंही जाऊ दे." झालं. छत्तीस पिशव्या दोन झाकणाच्या बादल्यांत रचल्या आणि मी एसटीत बसले.

वाटेत घाटात कुठल्यातरी पिशवीचं तोंड सुटलं असावं. सगळ्या गाडीत स्पिरिटचा वास पसरला. कंडक्टर दोनदा माझ्या सीटपाशी येऊन उभा राहिला, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच, "बाई, माल हाय का काय?" मी झाकण उघडून दाखवलं. वरच्याच पिशवीत एक खेकडा नांग्या वर करून पडला होता. कंडक्टर बीडपर्यंत पुन्हा माझ्याकडे फिरकला नाही.

बीडच्या स्टँडवर उतरून बादल्या रिकाम्या करून पुन्हा भराव्या लागल्या. पिशव्यांच्या बाहेरून मी मार्करने जागेचे आणि पातळीचे नंबर घातले होते, ते सांडलेल्या स्पिरिटने पुसून गेले. जेमतेम पाच पिशव्यांवरचे वाचता येत होते. मला काही वाटलं नाही. आत चिठ्ठी होतीच.

माय ओट्यावर बाज टाकून बसली होती, पाय प्लास्टरमध्ये. माझी माय रिकामी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. आजारी असली तरी हातात काहीतरी असायचं, वाती, शेंगा, फाटकं लुगडं. तिला असं नुसतं बसलेलं पाहून मला रडू यायला लागलं, तेवढ्यात तिने बादल्यांकडे बोट करून विचारलं, "ह्यात काय आणलंस गं, लोणचं?"

दुसऱ्या दिवसापासून मी ओट्यावर पाटावर ताट मांडून निवडायला बसले. मायला आधी किळस आली, मग नवल वाटायला लागलं. "हे तर गांडूळच की," ती म्हणाली. मी म्हटलं, समुद्राचं. एक शंखातला खेकडा दाखवला. त्याला स्वतःचं कवच पुरतं नसतं, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो, मोठा झाला की शंख बदलतो. माय बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्यावानीच हाय म्हण की. गेला फड, बदलली कोपी." कोपी म्हणजे तोडणीच्या रानात घातलेली पाचटाची झोपडी. समोर किराणा दुकान आहे एका लिंगायत काकांचं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ते नाकाला उपरणं लावून लांबूनच विचारायचे, "बाई, जित्तं काई न्हाई ना त्यात?" पण दोन दिवसांनी त्यांनीच आपलं हिशोब वाचायचं भिंग आणून दिलं. "बारीक दिसत आसल तुला," म्हणाले, "पर वापरून झालं की धुवून दे, दोनदा."

चार पिशव्यांमधलं वरवरचं निवडून झालं आणि स्पिरिट कमी पडायला लागलं. निवडलेले जीव आणि ताटातला गाळ मी चिठ्ठीसकट त्याच पिशवीत परत भरून ठेवला आणि बाकी पिशव्यांना हात न लावता स्पिरिट आणायला बीडला गेले. सकाळच्या गाडीने गेले, दुपारी तीनला परत आले. येताना मायसाठी द्राक्षं घेतली होती. मी अगदी खुशीत होते, हे मला नीट आठवतं.

ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि समोर पाहिलं तर पोत्यावर चिठ्ठ्या वाळत घातलेल्या. माझ्या चिठ्ठ्या. एकेकीवर एकेक खडा. आणि पलीकडे भिंतीलगत छत्तीस पिशव्या, सगळ्यांची तोंडं बांधलेली, आत एकही कागद नाही.

माझा स्वभाव तापट आहे. वडिलांवर गेलाय, असं माय म्हणते, वडील म्हणतात मायवर गेलाय. त्या क्षणी माझ्या डोक्यात जो जाळ झाला त्याची मला आजही लाज वाटते. मी द्राक्षाची पिशवी तिथंच टाकली आणि ओरडले, "हे काय केलंस? तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस गं?" आणि पुढे होऊन त्या सगळ्या चिठ्ठ्या खडे उधळत दोन्ही हातांनी गोळा केल्या. वारा सुटला होता, उडतील अशी भीती वाटली. एक गठ्ठा करून छातीशी धरला. माझ्या डोक्यात एवढंच होतं की चिठ्ठ्या वाचवायच्या.

माय बाजेवर नव्हती. ती ओट्यावर खालीच बसली होती, प्लास्टरचा पाय लांब केलेला. बसल्या बसल्या सरकत सरकत तिने हे सगळं केलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "ओळीनं मांडल्या होत्या की. जशा पिशव्या तशाच चिठ्ठ्या. तू कावून गोळा केल्या?"

मी वळून बघितलं. भिंतीलगत पिशव्यांच्या सहा-सहाच्या सहा ओळी होत्या. पोत्यावर खड्यांच्या खुणाही तशाच सहा-सहाच्या, अर्ध्या उधळलेल्या. पहिल्या पिशवीची पहिली चिठ्ठी, दुसरीची दुसरी. सगळं जागच्या जागी होतं. मी यायच्या आधी काहीही बिघडलेलं नव्हतं.

हातात छत्तीस चिठ्ठ्या, समोर छत्तीस पिशव्या, आणि पुसट राहिलेले पाच नंबर सोडले तर कुठली कुणाची हे सांगणारं काही नाही. ती नासधूस माझ्या या दोन हातांनी केली होती.

मी पायरीवर बसले ती बसलेच. मग विचारलं, "पण काढल्या कशाला, माय?"

"भिजत पडल्या होत्या त्या. चिठ्ठी भिजली म्हंजी गेलं की सगळं."

मग माझ्या ध्यानात आलं. ऊसतोडीत चिठ्ठीशिवाय पान हलत नाही. कुठल्या फडातला ऊस, कुणाच्या टोळीचा, ते त्या कागदावर असतं आणि कारखान्याच्या गेटवर तो दाखवल्याशिवाय गाडी आत जात नाही. मी लहान असताना एकदा अवकाळी पावसात वडिलांच्या खिशातली चिठ्ठी भिजून लगदा झाली होती. भरलेली गाडी गेटाबाहेर दोन दिवस उन्हात उभी राहिली, बैलांसकट, आमच्यासकट. त्यानंतर आमच्या घरात चिठ्ठी माय सांभाळायची. प्लास्टिकमध्ये गुंडाळून चोळीत. पाऊस आला तर ती आधी चिठ्ठी बघायची आणि मग आम्हाला. तिने माझ्या पिशव्यांत छत्तीस चिठ्ठ्या पाण्यात बुडालेल्या बघितल्या, आणि तिला वाटलं पोरीच्या कामाचा सत्यानाश होतोय. मी बीडला गेले त्या वेळात तिने मोडक्या पायाने सरकत माझं काम वाचवलं होतं. पेन्सिल आणि शाईतला फरक तिला कुणी सांगितला होता? मी तर नाही.

दुपार तशीच गेली. मी फोन हातात घेतला, मॅडमचा नंबर काढला, ठेवून दिला. मग माय म्हणाली, "आण इकडं त्या चिठ्ठ्या."

"तुला वाचता येत नाही, माय."

"वाचायच्या कुणाला हायत? उलट्या करून दे."

मी दिल्या. तिने पहिली चिठ्ठी पालथी करून तळहातावर ठेवली, अंगठा ओला करून तिच्यावरून फिरवला, मग अंगठा बोटावर चोळला. पुन्हा चोळला. उन्हाकडे धरून बघितली. वास घेतला. म्हणाली, "ही जाड वाळूची हाय. शिंपल्याची चुरी बी हाय. आता पिशव्या दाव."

प्रत्येक चिठ्ठी आपापल्या पिशवीत आठवडाभर गाळात रुतून होती. तिच्या अंगाला तो गाळ लागलेला होता. मुखाजवळच्या जागांची चिठ्ठी पांढरट आणि खरखरीत. वर वर जावं तसा कागद पिवळा पडत गेलेला, कारण तिथं खारफुटीची पानं कुजतात आणि त्यांचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. काहींना मुळ्यांचे तंतू चिकटलेले, काहींना मोहरीएवढे शंख. मी दीड वर्ष त्या चिठ्ठ्या लिहीत होते आणि मी त्यांची पुढचीच बाजू बघत आले होते.

"ऊस कुठल्या रानातला हाय ते मोळी उचलली की कळतंय," माय म्हणाली. "मुरमाड रानाचा येगळा, काळ्या रानाचा येगळा. बुडख्याला माती ऱ्हातीच. तुमचा चिखल तसाच की."

आम्ही बसलो. मी प्रत्येक पिशवीतला चमचाभर गाळ स्टीलच्या झाकणात काढायचे, माय चिठ्ठीची पाठ आणि तो गाळ बोटांनी ताडून बघायची. तिने घाई केली नाही. "ही न्हाई," "ही बी न्हाई," "ही आसल, पर बाजूला ठिव, आजून एक बघू." पटली की चिठ्ठी पालथीच पिशवीखाली सरकवायची. मला उलटून बघायची भयंकर घाई व्हायची. मी एकदा हात पुढे केला तर तिने हातावर चापट मारली.

मला एवढं एक बरं होतं की एकाच जागेच्या, एकाच पातळीच्या दोन पिशव्या आपापसात बदलल्या तरी चालणार होतं. दोन्ही त्याच चिखलाच्या. पण एका जागेची चिठ्ठी दुसऱ्या जागेत गेली तर सगळंच खोटं.

सूर्य कलला तशी माय थांबली. लाइटीत रंग कळत न्हाई, म्हणाली. मी खिचडी टाकली. मी धड जेवले नाही. मायने मात्र पोटभर खाल्लं आणि द्राक्षंही खाल्ली, त्याचा मला त्या वेळी थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं तसं पुन्हा बसलो. किराणावाले काका भिंग परत मागायला आले आणि तिथंच पायरीवर टेकले. त्यांचं गिऱ्हाईक दुकानासमोरून हाका मारत होतं, ते हलले नाहीत. जेवणवेळेपर्यंत चौतीस पिशव्यांखाली चिठ्ठ्या गेल्या.

आता पडताळा. ज्या पाच पिशव्यांवरचे मार्करचे नंबर वाचता येत होते त्या मी बाजूला ओढल्या. मायला आकडे वाचता येत नव्हते, त्यामुळे तिला त्यांचा काही उपयोग झालेला नव्हता. पहिली चिठ्ठी उलटली. दुसरी जागा, खालची पातळी. पिशवीवरही तेच. दुसरी बरोबर. तिसरी बरोबर. चौथी. पाचवी उलटायच्या आधी मी डोळे मिटून घेतले आणि काकांनाच वाचायला लावलं. त्यांनी भिंग लावून वाचलं आणि म्हणाले, "सहावी, वरची. तुज्या पिशवीवर बी तेच लिवलंय बघ."

माझा जीव भांड्यात पडला. मग मी माझी खाडीवरची वही काढली. प्रत्येक चौकटीत डोळ्यांना काय दिसलं ते मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलेलं असतं. तिसऱ्या जागेच्या खालच्या पातळीवर एका चौकटीत शंखातले दोन खेकडे मिळाल्याची नोंद होती. मायने तिसऱ्या जागेची खालच्या पातळीची चिठ्ठी ज्या पिशवीखाली ठेवली होती तीत ते दोघे निघाले. पहिल्या जागेला लांब नळीत राहणारा किडा, तोही सापडला, नळीसकट. जिथं जिथं वहीने काही सांगितलं तिथं तिथं मायचं बरोबर निघालं.

"चुकलं माझं, माय," मी म्हटलं. "काल मी तुला नको ते बोलले."

"बरं," ती म्हणाली. "ह्या दोन ऱ्हायल्या."

दोन पिशव्या आणि दोन चिठ्ठ्या शिल्लक होत्या. एक चौथ्या जागेची मधली पातळी, एक पाचव्या जागेची मधली. या दोन जागा शेजारशेजारच्या, मधे खाडीचं एकच वळण. मायने दोन्ही चिठ्ठ्या कितीदा तरी चोळून बघितल्या, त्यांच्या जोडीच्या पिशव्यांतला गाळ मागून घेतला, तोही बघितला. शेवटी तिने दोन्ही चिठ्ठ्या पोत्यावर ठेवल्या. "न्हाई कळत. दोन्ही मला सारख्याच लागत्यात."

मी वही चाळली. त्या दोन चौकटींसमोर मी नुसतं 'विशेष काही नाही' असं लिहून ठेवलं होतं. दोन्हीकडे. त्या दिवशी पाणी भराभर चढत होतं आणि मी घाईत होते.

आता खरं सांगते. मी एक चिठ्ठी उचलली आणि जवळच्या पिशवीचं तोंड सोडायला लागले. छत्तीसमधल्या चौतीस बरोबर होत्या. या दोन इकडच्या तिकडे झाल्या तरी कुणाला कळणार होतं? मलासुद्धा कधी कळलं नसतं. मॅडमना फोन करायचीही गरज नव्हती, कागदावर सगळं जसंच्या तसं दिसलं असतं. बरोबर लागायचीही तेवढीच शक्यता होती की.

"टाकू नगं," माय म्हणाली.

"अगं, एवढ्या दोनच तर आहेत."

"टाकू नगं म्हनले ना." तिने माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली, दुसरीबरोबर घडी घातली आणि पदराच्या गाठीत बांधून टाकली. मला राग आला. चिडचिड झाली की मी भांडी घासते, म्हणून सकाळची घासलेलीच भांडी मी पुन्हा घासली. घासता घासता मला कळलं की आता फोन केल्याशिवाय सुटका नाही. दोन पिशव्या कुठं गेल्या हे मॅडम विचारणारच.

मी ओट्यावर येऊन फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिठ्ठ्या काढल्या गेल्या, मी गोळा केल्या, पुन्हा लावल्या, कशा लावल्या. मायवर ढकलावं असं एका वाक्यापुरतं मनात आलं होतं, पण ती समोरच बसली होती आणि तसंही ते खोटं होतं. मला पक्कं वाटलं की आता त्या म्हणणार, सगळ्या छत्तीस फेकून द्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"लावल्या कुणी?" त्यांनी विचारलं.

"आईने."

"वाचता येतं त्यांना?"

"नाही."

"पडताळल्या?"

मी पाच पिशव्यांचं सांगितलं, वहीचं सांगितलं. मग शिल्लक राहिलेल्या दोन पिशव्यांचं सांगितलं. काका पायरीवरून मान वर करून बघत होते.

"फोन त्यांना द्या."

मी स्पीकर लावून फोन मायसमोर धरला. मायने डोक्यावरचा पदर सारखा केला, जसं काही मॅडम ओट्यावरच येऊन बसल्या होत्या.

"ताई, नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. चौतीस लावल्यात, तर मग राहिलेल्या दोन अंदाजाने का नाही लावल्या?"

मायने माझ्याकडे बघितलं. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"लावल्या असत्या, बाई," ती म्हणाली, "पर मग बाकीच्या चौतीस बी अंदाजाच्याच झाल्या असत्या की."

मॅडम म्हणाल्या, "अहवालात चौतीस धरा."